दाराखालून आलेली बोटं

ताई,

मला दोन मुलं. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीचचा. आम्ही दोघंही नोकरी करतो. दिवसभरात माझी म्हणावी अशी दहा मिनिटं मिळतात ती बाथरूममध्ये, दार लावून, फोन हातात घेऊन. परवा तशीच बसले होते, तर दाराखालच्या फटीतून मुलाची चार बोटं आत आली आणि चाचपडायला लागली. आधी हसू आलं, मग रडू. रडू बराच वेळ थांबेना.

कुठेतरी वाचून पहाटे पाचला उठायला लागले होते. थोडं वाचायचं, जरा व्यायाम करायचा असं ठरवलं होतं. अकरा दिवस जमलं. बाराव्या दिवशी मीटिंगमध्ये डोळा लागला. रात्री झोपायला साडेअकरा-बारा होतात, कारण सगळे झोपल्यावर तासभर फोन बघत बसते. ते सुटत नाही. हल्ली जिना चढताना धापही लागते.

नवरा वाईट नाही. "सांग ना काय करू, करतो," म्हणतो आणि सांगितलेलं करतोही. मागच्या महिन्यात मैत्रिणीला भेटायला गेले होते. दोन तासांत त्याचे सात फोन. मोजे कुठेत, खोकल्याचं औषध किती द्यायचं, हा रडतोय काय करू. घरी आले तर सगळीकडे पसारा आणि मुलं टक्क जागी. वाटलं, गेलेच नसते तर बरं झालं असतं.

मी स्वार्थी आहे का? आणि नसेन, तर वेळ काढू कुठून?

– चार बोटांची आई

*

चार बोटांच्या आई,

ताई म्हटलंस, तेव्हा मी सरळ अगं-तुगंवर येते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही". यावर जास्त शाई घालवत नाही, कारण तो तू मला विचारलेलाच नाहीस. काही मागायच्या आधी आपण घसा खाकरतो ना, तसा तो आहे. खरं मागणं दुसऱ्या प्रश्नात आहे.

वेळ काढायचा म्हटलं की तो कुठून तरी काढावा लागतो, आणि काढायला जागा तीनच. नोकरी, झोप आणि घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचा वेळ. नोकरीतून काढायची सोय नाही. दुसऱ्याकडे मागायला जीभ रेटत नाही. उरते झोप. ती बिचारी कुरकुर करत नाही. निदान अकरा दिवस तरी नाही.

तुझा हिशेब मांडून बघ. साडेअकराला पाठ टेकली आणि पाचला उठलीस, तर साडेपाच तास झाले. त्यात अडीच वर्षांचं मूल रात्री एकदा तरी उठवतंच. मोठ्या माणसाला रोज किमान 7 तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनांनी 2015 साली सगळा अभ्यास एकत्र करून सांगितलं. ते सांगायला तज्ज्ञ कशाला हवेत, तुझ्या मीटिंगने सांगितलंच. पहाटे उठणाऱ्यांशी माझं भांडण नाही. नऊला झोपतात त्यांनी जरूर उठावं. पण तू केलंस ते एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात टाकून "बचत झाली" म्हणण्यासारखं होतं. ते बंद पडलं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आणि पुन्हा सुरू करू नकोस.

आता तो रात्रीचा एक तास. झोपेने डोळे मिटतायत, उद्या लवकर उठायचंय, तरी अंगठा फोनवर फिरतोच आहे. 2014 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी या प्रकाराला नावही दिलं, झोपेची चालढकल. कुणी अडवलेलं नाही, काही कामही नाही, तरी माणूस झोपायला जात नाही. तुझ्या बाबतीत त्याचं कारण मला तरी लख्ख दिसतं. चोवीस तासांतला तो एकच तास असा आहे की तुला कुणी हाक मारत नाही. फोनमध्ये काय चाललंय याच्याशी तुला देणंघेणं नसतं, तुला त्या तासातून बाहेर यायचं नसतं. त्यामुळे "फोन दुसऱ्या खोलीत ठेव" वगैरे मी सांगणार नाही. दिवसाउजेडी असा तास मिळायला लागला की रात्रीचा आपोआप सैल पडतो. माझा पडला होता.

तेव्हा वळू या त्या सात फोनांकडे. तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट मला तीच वाटते.

मोजे कुठेत. औषध किती द्यायचं. रडतोय, काय करू. यातला औषधाचा एक सोडला तर कुठल्याच फोनची गरज नव्हती. मोजे शोधले असते तर सापडले असते, न सापडते तर मूल बिनमोज्यांचं राहिलं असतं. रडतोय त्याला उचलून घ्यायचं, हे त्यालाही कळतं. मग फोन का? कारण घरी तो होता, पण घर तुझ्याकडे होतं. तुझ्या पर्समध्ये. तू मैत्रिणीसमोर बसली होतीस तेव्हाही मोज्यांचा कप्पा, औषधाची वेळ, झोपायच्या आधी लागणारी ती एक ठरावीक चादर, हे सगळं तुझ्या डोक्यात चालूच होतं. अशी सुट्टी दोन तासांची घेतलीस काय आणि दोन दिवसांची घेतलीस काय, थकवा जात नाही. पहारेकऱ्याला खुर्ची दिली म्हणून त्याची पाळी संपत नाही.

घरातली आणि माणसांची बिनपगारी कामं कोण किती करतं याचा जगभराचा हिशेब आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2018 साली मांडला. बायका दिवसाला सरासरी 4 तास 25 मिनिटं, पुरुष 1 तास 23 मिनिटं. आणि ही झाली हातापायांची कामं, घड्याळ लावून मोजता येणारी. लसीची तारीख लक्षात ठेवणं, बूट घट्ट व्हायला लागलेत हे बोटाने दाबून बघणं, शाळेचा निरोप वाचून त्यातलं "उद्या" हे उद्याच आहे की परवा, याचा छडा लावणं, हे मोजायला अजून घड्याळ निघालेलं नाही.

म्हणूनच "सांग ना, करतो" हे वाक्य ऐकायला गोड असूनही तुला त्याचा राग येत असणार. (तू लिहिलेलं नाहीस, पण "करतोही" मधला तो "ही" मी तीनदा वाचला.) सांगणं हेही कामच आहे. काय करायचंय ते बघायचं, कधी करायचंय ते ठरवायचं, सांगायचं, झालं का ते पुन्हा बघायचं. तो करतो मधला एक तुकडा. मुकादम तू, आणि मुकादमाला रजा नसते.

तेव्हा त्याच्याकडे मदत मागू नकोस. एक अख्खं काम त्याच्या नावावर करून दे. डोक्यासकट.

मी तुझ्या जागी असते तर संध्याकाळची आंघोळ ते झोप हा पट्टा दिला असता. मुलांना न्हाऊ घालणं, कपडे, दात, गोष्ट, झोपवणं, आणि त्याला जोडलेलं सगळं: टॉवेल वाळलेत का, कपडे आखूड झालेत का, टूथपेस्ट संपत आली का. टूथपेस्ट संपली तर ती त्याची संपली. तुला दिसली तरी बोलायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, मला ठाऊक आहे. संपत आलेली ट्यूब बघून गप्प राहणं मला उपासापेक्षा जड गेलं होतं.

हे बोलायचं कधी? पसारा समोर पडलेला असताना नाही. मुलं झोपल्यावर दमलेलं असताना तर नाहीच. सुट्टीच्या दिवशी सकाळी, त्याचं पोट भरलेलं असताना, आणि सुरुवात "तू कधीच" अशी न करता. साधारण असं म्हण: "सात ते साडेआठ मुलांचं सगळं आजपासून तुझं. कसं करायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही, तूही मला विचारू नकोस. मी त्या वेळात घरात असले तरी नाही असं समज." आणि शनिवार किंवा रविवार, जो सोयीचा असेल तो, त्यातले तीन तास. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली. "जमेल तसं" म्हणालीस तर ते जमत नाही. आजवर कुणाचं जमलेलं मी पाहिलेलं नाही.

औषधाचं मात्र कागदावर लिहून फ्रिजवर चिकटव. डॉक्टरांनी दिलेलं औषध, किती मिली, किती वाजता, आणि मोजायला बाटलीबरोबर आलेलं माप. घरातला चमचा नाही, कारण एकाचा चमचा दुसऱ्याच्या दीडपट असतो. इतक्या लहान मुलाला खोकल्याचं औषध स्वतःच्या मनाने द्यायचं नाही, हेही त्याच कागदावर. कशाची ॲलर्जी असेल तर ती आणि डॉक्टरांचा नंबर. यात चूक परवडत नाही, म्हणून एवढंच लिही. मोज्यांचा नकाशा काढून देऊ नकोस.

पुढचे तीनेक आठवडे वाईट जातील. शर्ट उलटे घातलेले असतील. साडेआठचे सव्वानऊ होतील. आणि तुझा मुलगा "आईच हवी" म्हणून गळा काढेल, तू भिंतीपलीकडे बसून ते ऐकशील. तेव्हा उठायचं नाही. मूल बापाच्या मांडीवर रडतंय म्हणजे ते टाकलेलं नाही, ते नव्या माणसाकडून समजूत काढून घ्यायला शिकतंय. आणि तो माणूस काढायला शिकतोय. तू मध्ये गेलीस की दोघांचाही धडा तिथेच बुडतो, वर मुलाला कळतं की पुरेसा आवाज काढला की दार उघडतं.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ होते, मनोविश्लेषकही. त्यांनी 1953 साली "पुरेशी चांगली आई" अशी कल्पना मांडली. बाळ अगदी तान्हं असताना आई त्याच्या प्रत्येक हालचालीला धावते, पण जसजसं त्याला झेपायला लागतं तसतशी ती थोडी थोडी कमी पडत जाते, आणि तिचं हे कमी पडणं बाळाच्या वाढीला लागतंच. तुला ही सूट आवडेल. आता तीच नवऱ्याला दे. उलट्या शर्टातलं, सव्वानऊला झोपलेलं मूल पुरेसं चांगलं सांभाळलेलं आहे.

परत आल्यावरच्या पसाऱ्याचं वेगळं ठरवावं लागतं, नाहीतर तुझ्यासारखंच होतं: गेलेच नसते तर बरं. ज्याची पाळी त्याचा पसारा. तू सहाला परत येणार असशील तर सहापर्यंत घर त्याचं, आणि सहाला ते तुला बसता येईल अशा अवस्थेत मिळायला हवं. चकचकीत नको. तुझी वस्तू उसनी नेली तर ती माणूस पुसून परत देतो ना, तितपत. आणि तू पाच मिनिटं आधी आलीस तर खाली थांब. खरंच थांब. पाच मिनिटं आधी घरात शिरलेली बाई पहिली गोष्ट करते ती म्हणजे वाकून काहीतरी उचलते.

बरं, मिळालेल्या वेळात करायचं काय? इथे मी माझी फजिती सांगते. माझी मुलं लहान असताना असाच झगडून एक शनिवार मिळवला. तीन तास. बाहेर पडले आणि मला काही सुचेना. काय आवडतं तेच आठवेना. एका बाकावर बसले आणि चाळीस मिनिटं मुलांचे फोटो बघत बसले. मग घरातल्या राहिलेल्या चार वस्तू विकत घेतल्या आणि तासभर आधीच परत आले, हातात पिशव्या. नवऱ्याने विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "छान." किती खोटं बोलतो आपण!

तेव्हापासून माझा एकच नियम होता: पिशवी घेऊन परत आले तर तो वेळ माझा नव्हता. बाकी काहीही चालेल. झोप. भिंतीकडे बघत बस. मैत्रिणीकडे जा आणि मुलांबद्दल बोलायचं नाही असं ठरवून वीस मिनिटांत मोड. सुरुवातीला काही आवडत नाहीसं वाटेल. वर्षानुवर्षं कुणी न विचारलेला प्रश्न आहे तो, उत्तर यायला चार-पाच शनिवार जातात.

व्यायामाचा धाक मात्र बाळगू नकोस. आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्या हालचालीचे सलग किमान दहा मिनिटांचे तुकडे हवेत, ही जुनी अट त्यांनी 2020 साली काढून टाकली. म्हणजे बससाठी केलेली धावपळ आणि मुलाला खांद्यावर घेऊन चढलेला जिनाही धरला जातो. तुझ्या तीन तासांत जीव नसताना जिमला जाशील, तर ती आणखी एक नोकरी झाली.

जिन्यावरून आठवलं, आणि हे मी गंमतीत लिहीत नाहीये. धाप लागते म्हणालीस. या आठवड्यात रक्त तपासून घे. दमलेल्या आईला सगळे, ती स्वतःही, "मुलं लहान आहेत, असं होणारच" म्हणून सोडून देतात. जगात 15 ते 49 वयातल्या साधारण 30 टक्के बायकांना रक्तक्षय असतो. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो आहे असं धरतात. डॉक्टरांना फेरिटिनबद्दलही विचार, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. थायरॉइडही बघायला सांग. रिपोर्टमध्ये काही निघालं तर गोळ्यांनी फरक पडेल, कितीही शनिवार मिळाले तरी त्याने पडणार नाही.

आणि ते रडू. एकदा बांध फुटला असेल तर फुटू दे. पण बहुतेक दिवस असंच जात असेल, दोन आठवड्यांहून जास्त झाले असतील, आवडीच्या माणसांतही मन लागत नसेल, मुलं झोपल्यावरही झोप येत नसेल, तर ते थकव्याच्या पलीकडचं आहे, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना तेही सांग. स्वतःला किंवा मुलांना काही करावं असा विचार आला तर शनिवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगून डॉक्टर गाठायचा.

दुसरं मोठं माणूस घरातच नाही, अशा आयांना वरचं सगळं वाचून माझा राग आला असेल. तुमच्यासाठी मला एकच गोष्ट चाललेली माहीत आहे. तशीच दुसरी एक आई शोधायची आणि अदलाबदल करायची: एका आठवड्यात तिची मुलं तुमच्याकडे, पुढच्या आठवड्यात तुमची तिच्याकडे. चार मुलं सांभाळणं कधी कधी दोनांपेक्षा सोपं जातं, ती एकमेकांत गुंततात. मुख्य म्हणजे हिशेब बरोबरीचा राहतो, उपकाराचं ओझं होत नाही.

राहता राहिली ती चार बोटं. अडीच वर्षांच्या मुलाला "पाच मिनिटं" म्हणजे काय ते कळत नाही. त्याला आई दिसत नाही, एवढंच कळतं. वाळूचं घड्याळ मिळालं तर दाराबाहेर ठेव, नाहीतर वाजणारा टायमर. वाळू संपली की आई येते. आधी एका मिनिटाने सुरू कर, आणि वाळू संपल्यावर खरंच ये, फोनमधलं काही अर्धं राहिलं तरी. आठवड्याभरात तो दारापेक्षा वाळूकडे बघत बसेल. मग वाढव. त्याला वाट बघता येते हे तुलाही तेव्हाच कळेल.

पहिल्या शनिवारी फोन घरी ठेवून जा, असं म्हणणार नाही; तुझा पाय निघायचा नाही. आवाज बंद न करता पर्सच्या तळाशी टाक. खरोखरच गंभीर काही असेल तर लागोपाठ तीनदा करायचा, हे नवऱ्याशी आधी ठरव. एकटा एक मिस्ड कॉल मोज्यांचाच असतो.

आणि महिन्याने मला लिही. फोन किती आले तेवढं कळवलंस तरी चालेल. शून्याची आशा मी धरत नाही. सातावरून तीनावर आले तर मी इकडे पेढे वाटल्यासारखी खूश होईन.

तुझी,
ताई